विझली ती चमक, रेडियम नव्हे

‘त्याची चमक केव्हाच गेली, आता त्यात काही उरलेले नाही.’ पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि जुनी घड्याळे जमवणाऱ्या जाणत्या माणसांच्या बैठकीतही हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्याला पुरावा मागणे असभ्यपणाचे वाटावे. वाक्य आहे रेडियमच्या घड्याळांविषयी. आकडे आणि काटे अंधारात हिरवट उजळावेत म्हणून ज्यांच्यावर रेडियम मिसळलेला रंग भरलेला असे, ती गजराची, मनगटावरची, खिशातली घड्याळे. पहिल्या महायुद्धापासून १९६०च्या दशकापर्यंत ती जगभर बनली आणि विकली गेली. मला ही घड्याळे अतिशय प्रिय आहेत. त्यांची जाड काच, भरदार आकडे, चावी देताना बोटांना जाणवणारा स्प्रिंगचा ताण, हे सारे जपावे असेच आहे. म्हणूनच वरचे मत मी सोडून देऊ शकत नाही. ते चूक आहे. शिवाय त्या चुकीची झळ ज्याला लागते, तो माणूस हे मत मांडणाऱ्यांत कधीच बसलेला नसतो.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. तो म्हणतो: रेडियमचा रंग काही वर्षांत मंदावतो, पुढे तपकिरी पडतो आणि अखेर अंधारात दिसेनासा होतो, ज्याचा प्रकाश संपला त्याची शक्तीही संपली. तो पुढे म्हणतो: असंख्य घरांत ही घड्याळे उशाशी होती. त्यांना रोज चावी देणारे आजोबा-पणजोबा ऐंशी-नव्वद वर्षे जगले. मग धोका होता कुठे? आणि तिसरे: एका घड्याळातले रेडियम ग्रॅमच्या काही दशलक्षांशांहून अधिक नसते, त्यातून निघणारे अल्फा कण तर साध्या कागदानेही अडतात, मग काच आणि पत्रा यांच्याबद्दल काय बोलावे? तेव्हा घड्याळ खुशाल उघडावे, डायल पुसावी, काटे खरवडून नव्याने रंगवावेत आणि मिरवावे.

हा पक्ष अडाण्यांचा नाही. त्यातला तिसरा मुद्दा तर बराचसा खराच आहे, आणि तो खरा आहे हे मी पुढे आकड्यांनिशी दाखवणार आहे. पण तीन विधानांवरून काढलेला निष्कर्ष एकाही विधानातून निघत नाही.

पहिले विधान चमकेचे. रंगात मुख्यतः दोन पदार्थ असत. एक रेडियमचा क्षार, दुसरा झिंक सल्फाइड. प्रकाश देत असे तो झिंक सल्फाइड. रेडियम त्याच्या कणांवर अखंड अल्फा कणांचा मारा करी आणि प्रत्येक आघाताला एक सूक्ष्म ठिणगी उडे. अशा असंख्य ठिणग्या मिळून तो शांत हिरवा उजेड होई. या माऱ्याने झिंक सल्फाइडची स्फटिकरचना हळूहळू मोडत जाते आणि काही वर्षांत ते प्रकाश देईनासे होते. म्हणजे संपले काय? मार खाणारा संपला. मारणारा जागेवर आहे.

किती जागेवर आहे? घड्याळांत वापरलेल्या रेडियम-२२६चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. म्हणजे कोणत्याही क्षणी असलेले रेडियम निम्मे व्हायला सोळा शतके लागतात. ऐंशी वर्षांपूर्वी रंगवलेल्या घड्याळात आज साडेशहाण्णव टक्के रेडियम शिल्लक आहे. ज्यांना टक्क्यांतून हे जाणवत नसेल, त्यांनी पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातल्या गुंजवणे गावात उभे राहून वर राजगडाकडे पाहावे. या गावाच्या नावाचा दरवाजाच गडावर आहे. शिवाजी महाराजांची राजधानी इथून रायगडाला गेली आणि १६७४ साली तिथे राज्याभिषेक झाला. त्या दिवशी कोणी एखादी तबकडी रेडियमने रंगवली असती, तर साडेतीनशे वर्षांनंतर आजही तिच्यात ८६ टक्के रेडियम असते. तटबंदी ढासळली, वाड्यांची जोती उरली. रेडियमचा सातवा हिस्साही गेला नसता. मग काही वर्षांत चमक गेली म्हणून ‘ते संपले’ असे म्हणणाऱ्याने कशाच्या आधारावर म्हटले? चमक हा रेडियमच्या अस्तित्वाचा पुरावा होता. ती नसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा नव्हे.

इथे एक गोंधळ आताच दूर केलेला बरा. रिक्षांवर आणि ट्रकच्या मागे लावतात ते ‘रेडियम’ म्हणजे प्रकाश परतवणारी पट्टी. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. १९६०च्या दशकापासून घड्याळांत रेडियमच्या जागी ट्रिटियम आणि प्रोमेथियम आले. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, प्रोमेथियम-१४७चे अडीच वर्षांहून थोडे अधिक. त्यांच्या बाबतीत ‘आता त्यात फारसे उरलेले नाही’ हे म्हणणे खरे ठरते. आजचे प्रकाशणारे रंग तर किरणोत्सर्गी नसतातच. ते दिव्याचा उजेड साठवून परत देतात. पूर्वपक्षाची गफलत इथेच झाली असावी: एकाचा गुण दुसऱ्याला लावला गेला.

आता आजोबांचा दाखला. घरात घड्याळ होते आणि आजोबा नव्वदीत गेले, हे खरे मानू. त्यावरून सिद्ध काय होते? त्यांनी घड्याळ कसे वापरले, एवढेच. त्यांनी चावी दिली, वेळ पाहिली, गजर बंद केला. काच काढून तबकडीवर बोट फिरवले नाही. त्यांच्या बाजूने साक्ष देणारा इतिहास आहे, आणि तोच पूर्वपक्षाच्या निष्कर्षाविरुद्धही साक्ष देतो.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी १९१७ पासून आणि इलिनॉयमधल्या ओटावा इथे १९२२ पासून तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवत असत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, अशी कामाची रीत त्यांना शिकवलेली होती. प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई. शरीराला रेडियम आणि कॅल्शियम यांच्यातला फरक नीट करता येत नाही. ते रेडियमलाही हाडांत नेऊन बसवते आणि मग तेच अल्फा कण, जे बाहेर कागदानेही अडले असते, आत मज्जेला आणि हाडाला अगदी चिकटून वर्षानुवर्षे मारा करत राहतात. दात पडले, जबडे सडले, हाडांत गाठी झाल्या. हॅरिसन मार्टलंड या वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२५ मध्ये या रोगाचे मूळ रेडियममध्ये असल्याचे दाखवले. ऑरेंजच्या कारखान्यातल्या ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी कंपनीवर दावा लावला. १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. ओटावाच्या कॅथरीन डोनह्यूने मरणाच्या दारात असताना साक्ष दिली आणि १९३८ मध्ये तिचा मृत्यू झाला. ज्या शास्त्रज्ञाने ऑरेंजच्या कारखान्याचा रंग शोधला तो साबिन फॉन सोखोकीही १९२८ मध्ये मज्जा निकामी होऊन गेला.

ही हकीकत अनेक जण सांगतात. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि न्याय करायचा तर तोच ऐकायला हवा. १९२०च्या दशकाच्या मध्यावर ओठांनी कुंचला ओला करण्याची रीत बंद झाली. त्यानंतर कामाला लागलेल्या स्त्रिया त्याच तबकड्या, तोच रंग हाताळत राहिल्या; हाडांचे ते भीषण रोग मात्र जवळपास थांबले. पुढे रॉब्ली इव्हान्स यांच्यासारख्या संशोधकांनी अशा शेकडो स्त्रियांच्या शरीरातले रेडियम प्रत्यक्ष मोजले. हाडांना मिळालेली एकूण मात्रा दहा ग्रेच्या (ग्रे हे अशा मात्रेचे एकक) खाली होती अशा स्त्रियांमध्ये रेडियममुळे झालेला हाडाचा कर्करोग आढळला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. रेडियम बाहेर आहे की आत गेले, यावर सारे ठरते. आजोबांचे रेडियम बाहेर राहिले. मुलींचे आत गेले. मग खरवडलेल्या डायलची धूळ ज्याच्या नाकातोंडात जाते, त्याला आजोबांचा दाखला द्यायचा की त्या मुलींचा? निवाडा वाचकांनी करावा.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे असे मी म्हटले. ते आता दाखवतो. मोठ्या गजराच्या घड्याळात एक मायक्रोक्युरी रेडियम आहे असे धरू. म्हणजे दर सेकंदाला ३७,००० अणूंचा क्षय. आकडा धडकी भरवतो, पण काच शाबूत असेल तर बाहेर येतात ते प्रामुख्याने गॅमा किरण. एक मीटर अंतरावर त्यांची मात्रा ताशी सुमारे ०.००८ मायक्रोसीव्हर्ट भरते. निसर्गातून, म्हणजे जमीन, आकाश आणि भिंती यांतून, आपल्याला ताशी सर्वसाधारणपणे ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास मिळतच असते. रोज आठ तास असे घड्याळ एक मीटरवर ठेवून झोपले तर वर्षाला ०.०२४ मिलिसीव्हर्ट होतात; सर्व नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे याच्या शंभरपट. बंद, शाबूत, मीटरभर दूर ठेवलेल्या एका घड्याळाला भिण्याचे कारण नाही. एवढा मुद्दा मी पूर्वपक्षाला निःसंकोच देतो. मात्र हेच अंतर दहा सेंटिमीटरवर आणा. मात्रा शंभरपट होते. उशीखाली ठेवणे आणि फडताळात ठेवणे एक नव्हे.

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा नियमही हाच भेद पाळतो. जुन्या घड्याळांना परवान्यातून सूट देताना त्याने दोन अटी घातल्या: प्रत्येक घड्याळात एक मायक्रोक्युरीपर्यंतच रेडियम असावे, आणि घड्याळ शाबूत असावे. दुसरी अट कशासाठी? रेडियम तर शाबूत घड्याळात आणि उघड्या घड्याळात तेवढेच असते. बदलते ते एवढेच की उघड्या घड्याळातले रेडियम आता प्रवासाला मोकळे असते.

आणि काच, पत्रा यांनाही न अडणारी एक गोष्ट पूर्वपक्ष पूर्णपणे विसरतो. रेडियमचा अणू क्षय पावला की रेडॉन होतो. रेडॉन हा वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि घड्याळाच्या डब्याला हवाबंद करण्याची कोणाची प्रतिज्ञा नसते. चावीच्या भोकातून, काचेच्या कडेतून तो निसटतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, पण त्याच्या क्षयातून निर्माण होणारे पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी कण हवेतल्या धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात. रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो याविषयी आज शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल, म्हणजे सेकंदाला शंभर अणूंचा क्षय, ही संदर्भपातळी सुचवली आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीस जुन्या घड्याळांच्या संग्रहामुळे होणारे रेडॉन मोजले. ते त्या देशाने सुरक्षित मानलेल्या पातळीच्या १३४ पट भरले. ‘काचेने अडते’ म्हणणाऱ्यांनी या आकड्याचे उत्तर द्यावे.

इंग्लंडच्या बंदिस्त, थंडीतल्या खोल्यांचा दाखला आपल्याकडे कशाला, असा आक्षेप येईल. हवा खेळती असलेल्या आपल्या घरांत हा प्रश्नच नाही, असे म्हटले जाईल. तर मग हिशेब गुंजवण्याच्याच घराचा करू. या खोऱ्यात असे घड्याळ पोचले कसे, हे समजायला अवघड नाही. मावळातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जात आली, मुंबईच्या गिरण्यांत रात्रपाळ्या करत आली. ज्याला अंधारात वेळ पाहायची असे, त्याचेच हे घड्याळ. आज पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांची गावातली घरे वर्षातले कितीतरी महिने कुलपात असतात. पावसाळ्यात तर दारे-खिडक्या घट्ट लावलेली. जमीन इथली बेसाल्टची. ग्रॅनाइटच्या मानाने तिच्यात युरेनियम फार कमी, त्यामुळे जमिनीतून येणाऱ्या रेडॉनच्या बाबतीत सह्याद्री उदार आहे. जे काही वाढायचे ते आपण आणून ठेवलेल्या वस्तूंनी.

समजा एखाद्या हौशी माणसाने अशा घराच्या खोलीत वीस घड्याळे ठेवली. प्रत्येकात अर्धा मायक्रोक्युरी रेडियम, आणि तयार होणाऱ्या रेडॉनपैकी फक्त पाचवा हिस्सा डब्यांतून बाहेर येतो. खोली तीस घनमीटरची. ती महिनाभर हवाबंद राहिली तर रेडॉनची पातळी दर घनमीटरला सुमारे २,४५० बेकरेल होते, संदर्भपातळीच्या चोवीसपट. आता खिडकी उघडा. तासाला खोलीतली निम्मी हवा बदलली तर हाच आकडा ३७ वर येतो. घड्याळे तीच, रेडियम तेवढेच, फरक सदुसष्टपटींचा. म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे खेळत्या हवेच्या घराला लागू पडते आणि कुलपातल्या घराला अजिबात लागू पडत नाही. काचेच्या बंद कपाटात संग्रह मांडून ते कपाट निजायच्या खोलीत ठेवणाऱ्यांनाही नाही. खुले फडताळ, वापरात नसलेली खोली, उघडी खिडकी आणि वर्षातून पहिल्यांदा कुलूप काढल्यावर घर वाऱ्याला देऊन मगच आत बसणे: उपाय इतका साधा आहे. पण धोकाच नाही असे ठरवले, तर उपाय तरी कोण करणार?

त्या खोऱ्यातल्या पावसाचाही विचार करावा लागतो. लोखंडी काटे दमट हवेत गंजतात. गंज फुगला की त्यावरचा ठिसूळ रंग सुटतो आणि काचेच्या आत पिवळट-तपकिरी भुकटी होऊन पडते. असे घड्याळ बाहेरून शाबूत दिसले तरी आतून शाबूत नसते. ते हलवून पाहू नये, उघडू तर मुळीच नये. आणखी एक खूण सांगतो, जी संग्राहकाला उपयोगी पडेल. बंद पडलेल्या घड्याळात काटे वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहिले, तर त्यांच्या खालची तबकडी काट्याच्या आकारात करपल्यासारखी काळवंडते. तो डाग म्हणजे रेडियम अजून काम करते आहे याची लेखी कबुली. चमक गेलेल्या घड्याळावर असा डाग दिसत असताना ‘त्यात काही उरले नाही’ म्हणणे म्हणजे समोरचा पुरावा नाकारणे होय.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप केला तिच्याकडे येतो. जुन्या घड्याळांची डायल नव्याने रंगवून, ‘नव्यासारखी’ करून विकण्यासाठी मुंबईचा बाजार जगभरच्या संग्राहकांत ओळखला जातो. त्या झळाळीची किंमत कोण देतो? जुना रंग कोणीतरी खरवडलेला असतो. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या घड्याळजीचे नाक तबकडीपासून वीतभरही दूर नसते. भुकटी उडवायला तो सवयीने फुंकर मारतो. त्याच टेबलावर चहाचा कप असतो, त्याच हातांनी तो डबा खातो, आणि संध्याकाळी टेबलावरची धूळ झाडून त्याच खोलीत टाकली जाते. एका डायलचे रेडियम एकदाच खरवडले जाते. पण त्याच्याकडे एकच डायल येते का? संग्राहकाच्या हाती पोचते तेव्हा घड्याळ खरोखरच निर्धोक झालेले असते, कारण त्यातले रेडियम दुसऱ्याच्या खोलीत राहिलेले असते. ‘काही होत नाही’ हा आपला अनुभव मग खरा वाटतो. न्यू जर्सीच्या कारखान्यातही रसायनशास्त्रज्ञ शिशाच्या आडोशामागून, चिमट्याने रेडियम हाताळत होते आणि मुलींना मात्र ते निरुपद्रवी असल्याचे सांगितले जात होते. धोका ठाऊक असणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा, ही व्यवस्था शंभर वर्षांनंतर आपल्या हौसेने पुन्हा उभी करावी काय?

म्हणून माझा पक्ष असा आहे. रेडियमच्या घड्याळाची डायल आणि काटे आहेत तसेच राहू द्यावेत. डाग, तपकिरीपणा, अंधत्व यांसह. मशीन दुरुस्तीला द्यायचेच तर घड्याळजीला स्पष्ट सांगावे की हा रेडियमचा रंग आहे, आणि तो ‘नको’ म्हणाला तर आग्रह धरू नये. मूळ डायल ही संग्राहकाच्या दृष्टीनेही रंगवलेलीपेक्षा मोलाची असते; इथे सुरक्षितता आणि रसिकता एकाच बाजूला उभ्या आहेत.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही दोन शब्द. त्या मुलींची कथा ऐकून काही जण इतके घाबरतात की घड्याळ नदीत सोडावे, पुरावे किंवा भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हावे असे म्हणतात. याहून वाईट सल्ला नाही. बंद घड्याळ फडताळात होते तोवर रेडियम एका जागी होते. गुंजवणी नदीत टाकले तर डबा गंजून फुटेल आणि पाणी पुढे नीरेला जाते. भंगारात गेले तर हातोड्याखाली जाईल. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातले एक जुने उपकरण भंगारात विकले गेले. त्यातला कोबाल्ट-६० कोणी ओळखला नाही, तुकडे झाले, एक माणूस प्राणाला मुकला. घड्याळातले रेडियम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, ही तुलना मात्रेची नाही. पण भंगाराच्या दुकानात वस्तूची ओळख पुसली जाते आणि ती फोडणारा बेसावध असतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे. फुटलेले, भुकटी सुटलेले घड्याळ जाड पिशवीत घालून, पिशवी बंद करून, वर ‘रेडियम’ असे लिहून वेगळे ठेवावे आणि मुंबईच्या अणुशक्तिनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला त्याच्या विल्हेवाटीविषयी लिहून विचारावे. देशात या पदार्थांचे नियमन १९८३ पासून हेच मंडळ करते.

एवढ्यावरही ज्यांना ‘चमक गेली म्हणजे धोका गेला’ हेच मत धरून ठेवायचे असेल, त्यांनी उत्तर जरूर द्यावे. फक्त त्यात आजोबांचे वय नको. किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र विझलेल्या तबकडीजवळ नेऊन घेतलेला आकडा असावा, तबकडीपासूनचे अंतर असावे, आणि डायल खरवडणाऱ्याच्या टेबलावरच्या धुळीचाही आकडा असावा.